अँक्झायटी: थेरपिस्ट निवडताना आणि उपचार सुरू झाल्यावर

रानवारा

'चांगला थेरपिस्ट सुचवा' असं विचारलं की नावं मिळतात, पण नावावरून कळत काहीच नाही. अँक्झायटीत तर 'छान बोलतात, हलकं वाटतं' ही शिफारस चक्क फसवी ठरू शकते. दर आठवड्याला हलकं वाटतंय, पण लिफ्ट, गर्दी, फोन, मीटिंग टाळणं मात्र वर्षभर तसंच चालू आहे, असे पेशंट पुष्कळ असतात. म्हणून या धाग्यात नावं आणि नंबर नकोत. कुणाकडे जायचं, काय विचारायचं, उपचारात काय व्हायला हवं आणि गाडी कुठे अडते, एवढंच लिहू या.

सुरुवात मी करते. पहिली भेट फॅमिली डॉक्टरची. धडधड, थरथर, घाम, वजन उतरणं हे थायरॉईड जास्त काम करत असलं तरी होतं. रक्त कमी असलं की जिना चढताना छाती धडधडते. ठोक्यांची अनियमितता पॅनिकसारखीच (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यासारखीच) वाटते. दम्याचा साल्बुटामॉल पंप, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, स्टेरॉईड, थायरॉईडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, भरपूर कॅफीन, आदल्या रात्रीची दारू उतरणं, या सगळ्यांनी हुबेहूब तीच लक्षणं येतात. त्यामुळे हिमोग्राम, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), साखर आणि छातीची तक्रार असेल तर ईसीजी, एवढं एकदा करून घ्यावं. 'एकदा' हा शब्द महत्त्वाचा. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर तिसऱ्यांदा ईसीजी काढणं हा त्या आजाराचाच भाग असतो.

मग कुणाकडे? सायकियाट्रिस्ट वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि थेरपी करतात. समुपदेशकांचं शिक्षण फार कमी-जास्त असतं, म्हणून पदवी आणि नोंदणी विचारायचीच. 'थेरपिस्ट' किंवा 'कोच' अशी पाटी बऱ्याच ठिकाणी कुणीही लावू शकतो. झोप पार उडाली आहे, जेवण जात नाही, घराबाहेर पडणं बंद झालं आहे किंवा सोबत नैराश्य आहे, तर आधी सायकियाट्रिस्ट. जीव नकोसा होण्याचे विचार असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल. बाकी बहुतेकांना थेरपीपासून सुरुवात करता येते.

टाचणी

फोनवर विचारायच्या प्रश्नांबद्दल लिहिते, कारण तिथेच निम्मा निकाल लागतो. बहुतेक थेरपिस्ट पहिल्या भेटीआधी दहा-पंधरा मिनिटं बोलतात. त्या वेळात आपली सगळी कहाणी सांगत बसू नये. दोन वाक्यांत त्रास सांगावा ('चार महिन्यांपासून पॅनिक अटॅक येतात, गाडी चालवणं बंद केलंय') आणि थेट विचारावं, "अशा त्रासावर तुम्ही कसं काम करता?"

उत्तर काहीसं असं यायला हवं: पहिली एक-दोन सेशन्स माहिती घेणं, मग त्रास कशामुळे टिकून आहे याचा आराखडा, मग टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जाणं, अंदाजे बारा ते वीस सेशन्स, दर काही आठवड्यांनी मोजमाप. 'मी सगळ्या पद्धती मिसळून वापरते, व्यक्ती बघून ठरवते' असं उत्तर आलं तर लगेच फोन ठेवू नका. "माझ्यासाठी पहिल्या चार सेशन्समध्ये काय असेल?" असं विचारा. ज्यांना खरंच माहीत असतं ते सांगतात. ज्यांना नसतं ते पुन्हा तेच वाक्य फिरवून म्हणतात.

आणखी तीन प्रश्न. गृहपाठ देता का? गरज पडली तर खोलीबाहेर येऊन सराव करून घेता का? सायकियाट्रिस्टशी माझ्या परवानगीने बोलाल का? फी, सेशन किती मिनिटांचं, ऐनवेळी रद्द केलं तर किती पैसे जातात, हे विचारायला लाजू नये. गोपनीयतेच्या मर्यादाही पहिल्याच भेटीत कळायला हव्यात. जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर त्यांना माहिती द्यावी लागू शकते. बाकी सगळं खोलीतच राहायला हवं.

ही लक्षणं दिसली तर उठून यावं: 'दहा दिवसांत पूर्ण बरं' अशी हमी, तीस सेशन्सचं पॅकेज आगाऊ, इतर पेशंटच्या गोष्टी सांगणं, डॉक्टर नसताना गोळ्या बंद करायला लावणं, धार्मिक उपदेश, स्वतःच्याच आयुष्याबद्दल अर्धा तास बोलणं, ओळखीच्या नात्यात किंवा धंद्यात ओढणं.

गोगलगाय

पहिल्या भेटीला तोंडातून शब्दच फुटत नाही अशी स्थिती असेल तर?

अनुस्वार

@गोगलगाय, एक कागद लिहून न्या आणि सरळ हातात द्या. कुणीही बरा थेरपिस्ट तो वाचतो. त्यावर काय हवं: कधी सुरू झालं आणि त्या सुमारास काय बदललं होतं, शेवटचे तीन प्रसंग (कुठे, काय मनात आलं, अंगात काय झालं, मग काय केलं), टाळत असलेल्या गोष्टींची यादी, चालू औषधं डोससह, कॅफीन, दारू, तंबाखू किती, झोपेच्या वेळा, घरात कुणाला असा त्रास किंवा बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार), आधीचे उपचार आणि ते का थांबले. शेवटी एक ओळ: तीन महिन्यांनी काय करता यायला हवं. 'शांत वाटायला हवं' असं लिहू नका, ते मोजता येत नाही. 'एकटीने ट्रेनने जाणं' हे मोजता येतं.

मोजण्यासाठी जीएडी-७ ही प्रश्नावली वापरतात. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. सात प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० (अजिबात नाही) ते ३ (जवळजवळ रोज) गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. यातून निदान होत नाही, पण दहा किंवा वर आले की नीट तपासणी करून घ्यायची. उपचार सुरू झाल्यावर दर दोन आठवड्यांनी भरा. एक-दोन गुणांच्या चढउताराला अर्थ नसतो. पाचेक गुणांनी उतरला तर खरंच फरक पडतोय.

यात एक खोच आहे. जो माणूस सगळंच टाळतो त्याचा आकडा कमी येऊ शकतो, कारण घाबरण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून आकड्याच्या शेजारी टाळण्याची यादीही ठेवायची, आणि दोन्ही खाली येतायत का ते बघायचं.

गोगलगाय

धन्यवाद. आता पुढचा. 'आम्ही सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) करतो' असं प्रत्येकाच्या प्रोफाइलवर असतं. खरंच करतायत की नुसतं लिहिलंय, हे आत गेल्यावर ओळखायचं कसं?

पाणकावळा

सेशनच्या आकारावरून. सीबीटीचं सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं. सुरुवातीला आकडा, मग मागच्या गृहपाठाचा हिशोब, मग आजचा एक विषय, त्यावर काम, शेवटी नवा गृहपाठ. आठवडाभर काय झालं ते तुम्ही सांगताय, ते मान हलवतायत आणि पन्नास मिनिटं संपली, असं सलग चार वेळा झालं तर ती सीबीटी नाही. तसंच, गृहपाठ दिला पण पुढच्या वेळी विचारलाच नाही, तर दोन आठवड्यांत पेशंट तो करणं सोडतो. मग 'थेरपीचा उपयोग झाला नाही' अशी नोंद होते.

ॲरन बेक या अमेरिकन सायकियाट्रिस्टनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली तेव्हा भर नैराश्यावर आणि विचार तपासण्यावर होता. अँक्झायटीत नुसते विचार तपासून भागत नाही. डोक्याला पटतं, पण लिफ्टसमोर पाय थिजतातच. काम करतं ते एक्स्पोजर, म्हणजे टाळलेल्या गोष्टीला मुद्दाम, पायरीपायरीने सामोरं जाणं.

लिफ्टचंच उदाहरण घेतो. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे. उघड्या लिफ्टसमोर उभं राहणं २०, सोबतीने एक मजला ३५, एकट्याने एक मजला ५०, एकट्याने पाच मजले ७०, गर्दीच्या लिफ्टने वरपर्यंत ८५. तीस-चाळीसपासून सुरू करायचं. आत शिरण्याआधी कागदावर भाकीत लिहायचं: 'लिफ्ट अडकेल आणि मी गुदमरेन, शक्यता ७० टक्के.' बाहेर आल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. हा कागद भरला नाही तर मन 'आज नशिबाने वाचलो' असा हिशोब मांडून मोकळं होतं.

पूर्वी सांगत, भीती निम्मी होईपर्यंत तिथेच थांबा. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्की यांच्या संशोधनानंतर भर बदलला. त्या वेळी भीती उतरलीच पाहिजे असं नाही, भाकीत खोटं ठरणं जास्त महत्त्वाचं. म्हणून भीती ६० वर असतानाच बाहेर आलात तरी सराव वाया जात नाही, मात्र ठरवलेले पाच मजले पूर्ण व्हायला हवेत. दुसऱ्या मजल्यावर घाबरून उतरलात तर मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो.

हे कुठे फसतं? पहिलं, आठवड्यातून एकदा आणि तेही थेरपिस्टसमोर. निदान तीन-चार वेळा स्वतः करायला हवं. दुसरं, खालच्या पायऱ्या गाळून थेट ८५ वर उडी. तिसरं आणि सगळ्यात चिवट, म्हणजे बचावाच्या सवयी: हातात फोन, पाण्याची बाटली, दाराजवळची जागा, सतत नाडी बघणं, खिशात 'लागली तर' म्हणून ठेवलेली गोळी, कुणीतरी लाइनवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एक्स्पोजर चाललंय. आत मात्र श्रेय बाटलीला जातं. या सवयीही एकेक करून यादीत घालायच्या आणि सोडायच्या.

मध्यमा

पॅनिकसाठी थोडी भर. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली जे मांडलं त्यावरच आजचा उपचार उभा आहे: धडधडीपेक्षा तिचा लावलेला अर्थ ('हार्ट अटॅक आला', 'वेड लागतंय') अटॅक वाढवतो. म्हणून इथे एक्स्पोजर शरीराच्या खुणांचं असतं. खुर्चीत एक मिनिट गरागरा फिरणं, एक मिनिट जोरजोरात श्वास घेणं, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास, जागच्या जागी धावणं. जो प्रकार आपल्या अटॅकशी सर्वांत जुळतो तो निवडायचा आणि लागोपाठ चार-पाच वेळा करायचा. हृदयविकार, अपस्मार, जास्तीचा दमा किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल तर ते पॅनिक आहे असं स्वतः ठरवू नये. तपासून घ्यावं.

टाचणी

दीर्घ श्वसनाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? तेच तर आधी शिकवतात.

पाणकावळा

@टाचणी, तिथेच माझा आक्षेप आहे. रोज दहा मिनिटं सावकाश श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास, चांगलंच. पण अटॅक आला रे आला की श्वासाचा व्यायाम सुरू केला, तर तीसुद्धा बचावाची सवय होते. 'श्वास नीट घेतला म्हणून वाचलो.' घाबरलेला माणूस वर खोल श्वास ओढायला लागला की कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि भीती वाढते. सोडायचा श्वास लांबवा, ओढायचा नको. कागदी पिशवीत श्वास घेणं तर पूर्ण बंद करा. खरंच दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं आहे.

टाचणी

मान्य, पण अर्धवट. ज्याला दिवसभर खांदे आखडून, दात आवळून काळज्या करायची सवय आहे त्याला शिथिलीकरण उपयोगी पडतं. पॅनिक वेगळा, सततची काळजी वेगळी.

पाणकावळा

हे बरोबर. सततच्या काळजीला लिफ्टसारखी ठळक वस्तू नसते. तिथे दोन गोष्टी करून घेतात. एक, काळजीची वेळ: दिवसातून एकदा, ठरलेल्या जागी, वीस-तीस मिनिटं, झोपेच्या अगदी आधी नको. दिवसभरात आलेली काळजी दोन शब्दांत टिपायची आणि त्या वेळेवर ढकलायची. दाबायची नाही. दाबली की दुप्पट येते. वेळ आल्यावर चिठ्ठ्या दोन ढिगांत वाटायच्या: आज काही करता येईल अशा, आणि 'असं झालं तर?' अशा. पहिल्यांसाठी एक कृती ठरवायची. दुसऱ्यांना उत्तर शोधत बसायचं नाही.

दुसरी गोष्ट, अनिश्चितता सहन करायचा सराव. ईमेल पुन्हा न वाचता पाठवणं, बाहेर पडताना गॅस एकदाच बघणं, हॉटेल निवडताना रिव्ह्यू न वाचणं. दिसायला किरकोळ, करायला भारी.

ओसीडी (नको ते विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती) असेल तर मात्र थेरपिस्टला ईआरपी (भीतीला सामोरं जाऊन ती कृती न करण्याचा सराव) येते का हे विचारा. तिथे विचारांशी वाद घालणं हेच कर्मकांड होऊन बसतं, आणि अननुभवी माणूस नकळत ते वाढवतो. मोठ्या आघातानंतरचा त्रास असेल तर त्याचं वेगळं प्रशिक्षण असलेलाच हवा.

गोगलगाय

औषधांबद्दल कुणी लिहील का? गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत असं ऐकू येतं.

मध्यमा

दोन वेगळ्या गटांची गल्लत होते, म्हणून तसं ऐकू येतं.

पहिला गट एसएसआरआय, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी, नैराश्यातही वापरली जाणारी औषधं: एसिटॅलोप्राम, सर्ट्रालीन वगैरे. यांची तलफ लागत नाही. अँक्झायटीत सुरुवात मुद्दाम कमी डोसने करतात (एसिटॅलोप्राम ५ मिग्रॅ, सर्ट्रालीन २५ मिग्रॅ) आणि आठवड्याभराने वाढवतात, कारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता उलट वाढू शकते. मळमळ, पोट बिघडणं, झोपेत बदल हेही तेव्हाच. हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस पाचव्या दिवशी गोळी फेकून देतो. फरक दिसायला चार ते सहा आठवडे, पूर्ण अंदाज यायला कधी बारा. लैंगिक इच्छा किंवा समाधान कमी होणं हा परिणाम टिकू शकतो. संकोचून गप्प बसू नका, डोस किंवा औषध बदलता येतं.

बरं वाटल्यावर निदान सहा ते बारा महिने चालू ठेवतात, मग आठवडे-महिने घेऊन उतरवतात. अचानक बंद केलं तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, चिडचिड, विचित्र स्वप्नं. पॅरॉक्सेटीन आणि (जवळच्याच एसएनआरआय गटातल्या) व्हेन्लाफॅक्सीनला हे जास्त, फ्लुओक्सेटीनला कमी, कारण ते शरीरातून फार सावकाश जातं.

दुसरा गट बेन्झोडायझेपीन: अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम. अर्ध्या-एक तासात आराम, आणि म्हणूनच सवय. दोन ते चार आठवड्यांपलीकडे रोज घ्यायची ही औषधं सहसा नसतात. 'गोळ्या सुटत नाहीत' हे बहुतेक वेळा यांच्याबद्दल असतं. दारूबरोबर किंवा ओपिऑइड (अफूच्या जातीच्या) वेदनाशामकांबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. बरेच महिने चालू असतील तर स्वतःहून झटक्यात थांबवू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करायची.

प्रोप्रॅनोलॉल भाषण-परीक्षेच्या थरथरीपुरतं. दमा असेल तर नाही.

डॉक्टरांना न विसरता सांगायचं: स्वतःला किंवा घरात कुणाला बायपोलर आहे का (एसएसआरआयने उन्माद उफाळू शकतो), ट्रॅमाडॉल, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, गरोदरपणाचा विचार आहे का. वय पंचविशीच्या आत असेल तर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

अनुस्वार

एक्स्पोजरच्या आधी अल्प्राझोलॅम घेतलं तर सराव जवळपास फुकट जातो, हेही जोडा. एसएसआरआयचं तसं नाही. थेरपी आणि एसएसआरआय एकत्र खुशाल चालतात.

रानवारा

घरच्यांसाठी वेगळा प्रतिसाद हवा होता, थोडक्यात लिहिते. 'काही होणार नाही गं' हे दिवसातून तीसदा म्हणणं ही मदत नसते. प्रश्न विचारला की उत्तर, उत्तराने दोन मिनिटं दिलासा, मग पुन्हा प्रश्न. एकदम तोडलं तर भांडण होतं, म्हणून पेशंट, घरचे आणि थेरपिस्ट असं एका सेशनमध्ये बसून वाक्य ठरवून घ्यावं. उदाहरणार्थ, "हा प्रश्न तुझ्या काळजीच्या वेळेत टाकू या." पेशंटऐवजी फोन करणं, दुकानात जाणं, कारणं सांगून त्याला लग्नकार्यातून सोडवणं, हेही हळूहळू कमी करायचं. टोमणे आणि 'मन घट्ट कर' यांचा उपयोग शून्य.

गोगलगाय

आणि चांगल्या थेरपिस्टकडे दोन-तीन महिने वेटिंग असेल तर?

टाचणी

यादीत नाव घालून 'कुणी रद्द केलं तर आयत्या वेळी येईन' असं सांगून ठेवा, बऱ्याचदा दोन आठवड्यांत जागा निघते. सायकॉलॉजी शिकवणाऱ्या विद्यापीठांच्या क्लिनिकमध्ये प्रशिक्षणार्थी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करतात, ते अनेकदा पुस्तकाबरहुकूम आणि नेटकं असतं. सोशल अँक्झायटीला ग्रुप थेरपी चांगली, कारण ग्रुपमध्ये बसणं हेच एक्स्पोजर. ऑनलाइन सीबीटी कार्यक्रमही चालतात, पण ज्यात दर आठवड्याला थेरपिस्ट तुमचा गृहपाठ बघतो तेच घ्या. नुसती ॲप्स बहुतेक लोक अर्ध्यात सोडतात. व्हिडिओवर सेशन असेल तर दार बंद होणारी खोली, इअरफोन, आणि कॉल तुटला तर कुणी कुणाला फोन करायचा ते आधीच ठरलेलं.

अनुस्वार

थेरपिस्ट बदलायचा कधी, हे राहिलं. पटतंय की नाही ते तीन-चार सेशन्समध्ये कळतं. आकड्यात आणि टाळण्याच्या यादीत फरक पडायला सहा ते आठ लागतात. आठव्याला काहीच हललं नसेल तर त्यांनाच विचारा, "काय अडतंय असं तुम्हाला वाटतं?" उत्तरात नवीन योजना आली तर थांबा. 'अजून वेळ द्या' एवढंच आलं तर सारांशाचं पत्र मागून घ्या आणि निघा. फक्त एक तपासा: यादीतल्या वरच्या पायऱ्या जवळ आल्या की थेरपिस्ट अचानक नावडायला लागतो. नावडणं नेमकं त्या आठवड्यात सुरू झालं असेल तर आणखी दोन सेशन्स जा.

पाणकावळा

आणि संपवताना झटक्यात संपवू नका. आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर. शेवटच्या सेशनमध्ये एक पान लिहून घ्या: पुन्हा सुरू होण्याच्या माझ्या खुणा कोणत्या (झोप तुटणं, एखादी गोष्ट पहिल्यांदा टाळणं), त्या दिसल्या की कोणती पायरी पुन्हा चढायची, आणि किती दिवसांत आटोक्यात आलं नाही तर फोन करायचा. औषध उतरवायचं असेल तर ते थेरपी चालू असतानाच उतरवा, दोन्ही एकाच महिन्यात बंद करू नका.